कॉपरबँड घरी आणताना: कोकणातल्या समुद्री टाकीसाठी पहिल्या महिन्याचं मार्गदर्शन

कॉपरबँड बटरफ्लाय हा मासा पाहिला की घ्यावासा वाटतोच. चंदेरी अंगावर उभे नारिंगी पट्टे, पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाला काळा खोटा डोळा आणि चिमट्यासारखं लांब, निमुळतं तोंड. पण समुद्री टाकी ठेवणाऱ्यांमध्ये तो लवकर दगावणारा मासा म्हणूनही ओळखला जातो, आणि पुष्कळदा त्याचं कारण रोग नसतो, उपासमार असते. निसर्गात हा मासा दिवसभर खडकांच्या फटींतून किडे आणि बारीक जीव टिपून खातो. टाकीत पाण्यावर तरंगणारा दाणा हे खाणं आहे, हेच त्याला उमगत नाही. दाणा तोंडासमोरून जातो, तो बघतो आणि निघून जातो. असे आठ-दहा दिवस गेले की पोट आत जातं आणि मग कितीही धावपळ केली तरी उपयोग होत नाही.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहत असाल तर या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. समुद्र दाराशी आहे म्हणून टाकीचं पाणी आपोआप चांगलं होत नाही, पण खाडीतल्या तिसऱ्या (खायचे शिंपले) दाराशी मिळतात, आणि कॉपरबँडला खायला लावण्यासाठी तिसरीसारखं दुसरं काही नाही. त्यावर पुढे सविस्तर येईलच.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही तुमची पहिलीच समुद्री टाकी असेल तर पहिला मासा कॉपरबँड नको. क्लाउनफिशने सुरुवात करा, तीही हॅचरीत वाढवलेल्या जोडीने. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी करून दाखवली आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेलीच जोडी हवी असं नाही. वर्षभर ती जोडी नीट सांभाळलीत की पुढचं वाचा.

आधी टाकी, मग मासा

कॉपरबँड वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला पोहायला जागा आणि टिपायला जुने, जिवंत खडक (ज्यांवर बारीक जीव वाढलेत असे) लागतात. त्यामुळे टाकी ४०० लिटरच्या आसपासची आणि निदान सहा महिने चाललेली हवी. नव्या टाकीत खडकांवर त्याला टिपण्यासारखं काही नसतं. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात येणारी विषारी द्रव्यं) शून्य, नायट्रेट वीस पीपीएमच्या (दशलक्ष भागांत वीस भाग) आत, क्षारता म्हणजे पाण्याचा खारेपणा, विशिष्ट गुरुत्वात मोजलेला, १.०२४ ते १.०२६, तापमान शक्यतो २६ ते २८ अंश. हे आकडे एखाद्या दिवशी जमून येऊन भागत नाही. सलग दोन-तीन आठवडे स्थिर दिसले पाहिजेत.

खडक म्हणून जांभा वापरू नका. त्यात लोह भरपूर असतं आणि ते पाण्यात सुटू शकतं. किनाऱ्यावर पडलेले पोवळ्यांचे तुकडेही उचलून आणू नका. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते मेलेले दिसले तरी. दुकानात मिळणारे कोरडे, कृत्रिम खडक चांगले चालतात.

पाण्याचं काय?

किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला पडणारा प्रश्न: समोर एवढा समुद्र असताना विकतचं मीठ का घ्यायचं? समुद्राचं पाणी चालतं, पण प्रत्येक दिवसाचं आणि प्रत्येक जागेचं नाही. जून ते ऑक्टोबर ते आणूच नका. नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळून किनाऱ्यालगतची क्षारता खाली येते, आणि आज मोजलेली उद्या राहत नाही. हिवाळ्यात आणायचं तर खाडीच्या तोंडापासून आणि जेटीपासून लांब, खडकाळ भागातून, भरती पूर्ण व्हायला आल्यावर घ्या. उधाणाच्या दिवसांत तळ ढवळलेला असतो; भांगाच्या दिवसांत पाणी निवळ मिळतं. घरी आणल्यावर जाड कापडातून गाळा, झाकलेल्या पिंपात अंधारात ठेवून त्यात हवा सोडा आणि निदान दोन आठवड्यांनी क्षारता तपासून वापरा.

माझं मत विचाराल तर नाजूक माशाच्या पहिल्या महिन्यात हा खटाटोप नको. आरओचं पाणी आणि समुद्री टाकीसाठीचं विकतचं मीठ वापरा. स्वयंपाकघरातलं मीठ किंवा मिठागरातलं जाडं मीठ या कामाचं नाही. घरच्या पिण्याच्या बऱ्याच आरओ मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो; चव राहावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मेकॅनिककडून तो पूर्ण बंद करून घ्या आणि टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ येतो का बघा. नळाच्या पाण्यात ब्लीचिंगचं क्लोरीन असतं आणि विहिरीच्या पाण्यात काय काय उतरलंय ते पावसागणिक बदलतं, म्हणून ही दोन्ही सरळ टाकीत नकोत.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्यावर बुडबुडा बसला की आकडा चुकतो.

वेगळी टाकी: क्वारंटाइन

ही पायरी टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. तरीही नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नका. एक तर त्याच्याबरोबर आलेला परजीवी सगळ्या टाकीत पसरतो. दुसरं म्हणजे मोठ्या टाकीत जुने मासे खाणं आधी उडवतात आणि हा भुकेला मागे राहतो. कॉपरबँडच्या बाबतीत मला दुसरं कारण जास्त मोठं वाटतं. त्याला एकांतात, शांतपणे खायला शिकवायला जागा हवी.

शंभर लिटरची साधी काचेची टाकी पुरते. तळाला वाळू नको, म्हणजे उरलेलं खाणं आणि विष्ठा दिसते. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि दोन-तीन एल्बो टाका. फिल्टर म्हणून स्पंज फिल्टर. पण तो मासा यायच्या महिनाभर आधीच मोठ्या टाकीत ठेवून द्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वसतील. ही टाकी पडवीत किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर नको. माजघरातला थंड, कमी वर्दळीचा कोपरा बघा आणि तीन बाजूंना काळा कागद लावा.

दुकानात काय बघायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आणण्याचा काळ. उकाडा नसतो, वीज बऱ्यापैकी टिकते, बाजारात ताजं खाणं मिळतं. जून-जुलैमध्ये तर आणूच नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, वाऱ्यापावसात तारा तुटतात आणि एखादी वस्तू मुंबईहून मागवायची म्हटली तरी दिवस जातात.

मासा आठ ते दहा सेंटिमीटरचा निवडा. फार लहान असेल तर अंगात साठा नसतो, फार मोठा असेल तर सवयी बदलत नाहीत. दुकानात येऊन आठवडा झालेला असावा. पैसे देऊन तो तिथेच ठेवायला सांगितलं तर चांगले दुकानदार ऐकतात. मग तुमच्या डोळ्यांसमोर त्याला खाताना बघा. "खातो हो, सकाळीच खाल्लं" एवढ्यावर घेऊ नका. समोरून बघितल्यावर डोळ्यांच्या वर, पाठीचा भाग भरलेला दिसायला हवा. तिथे खड्डा असेल तर मासा कितीही सुंदर असला तरी सोडून द्या. तोंडाच्या टोकाला जखम नको, डोळे स्वच्छ हवेत, श्वास संथ हवा. कल्ल्यांची एकच बाजू हलत असेल तर कल्ल्यांत परजीवी असण्याची शक्यता मोठी.

निघण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: तुमच्या टाकीची क्षारता किती? बरीच दुकानं ती मुद्दाम कमी ठेवतात. हा आकडा लिहून घ्या.

प्रवास आणि पिशवी उघडण्याची वेळ

मुंबईहून रत्नागिरी किंवा कुडाळला यायचं तर मासा रात्रभर पिशवीत असतो. आदल्या दिवशी त्याला खायला देऊ नये असं दुकानात सांगा, म्हणजे पिशवीतलं पाणी कमी खराब होतं. पिशवीत ऑक्सिजन भरून घ्या, ती थर्माकोलच्या बंद खोक्यात ठेवा आणि खोकं स्वतःजवळ बाळगा. बसच्या डिकीत ते तापतं.

घरी पोचल्यावर काय करायचं, याबाबत सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो: नळीने थेंबथेंब पाणी सोडत तासभर सवय करा. तास-दोन तासांच्या प्रवासासाठी तो ठीक आहे. रात्रभराच्या प्रवासानंतर मात्र तो घातक ठरू शकतो. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली जातो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकतं. पीएच कमी असताना साठलेला अमोनिया बहुतांशी अमोनियम या कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यात आपण तासभर मासा ठेवला तर कल्ले भाजतात.

म्हणून लांबच्या प्रवासासाठी रीत वेगळी. दुकानदाराने सांगितलेल्या क्षारतेचं पाणी क्वारंटाइन टाकीत आदल्या दिवशीच तयार ठेवा. मासा आला की खोलीतले दिवे मंद करा आणि बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान जुळतं. मग पिशवी उघडून लगेच क्षारता मोजा. फरक ०.००२ च्या आत असेल तर जाळं न वापरता प्लास्टिकच्या जगमध्ये मासा अलगद घेऊन टाकीत सोडा. जाळ्यात त्याच्या परांचे काटे अडकतात. पिशवीतलं पाणी मोरीत ओता, एक थेंबही टाकीत नको. नंतरच्या आठवड्यात रोज थोडं थोडं खारं पाणी घालत क्षारता मोठ्या टाकीइतकी आणा. क्षारता उतरलेली माशाला सोसते, एकदम चढलेली सोसत नाही, म्हणून दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त वाढवू नका.

त्या दिवशी दिवा लावू नका, खायला देऊ नका, काचेजवळ मुलांना उभं करू नका.

तिसरीचं काम

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी सुरुवात. त्याची तयारी आधीच करून ठेवायची. ओळखीच्या मावशींकडून तिसऱ्यांचा एक वाटा घ्या. तुमच्या गावात शिवल्या किंवा मुळे म्हणत असतील. बंदराजवळच्या किंवा सांडपाणी उतरतं त्या खाडीतल्या नकोत, त्यामुळे कुठून आणल्यात ते विचारा, मावशी बरोबर सांगतात. घरी स्वच्छ धुऊन, शिंपल्यांसकट डब्यात भरून निदान आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवल्यावर बरेचसे परजीवी मरतात, आणि बाहेर काढून नरम पडली की तिसरी आपोआप फाकते, सुरी लावावी लागत नाही.

एक तिसरी उघडून मांस असलेली शिंपली आरओच्या पाण्यात खळबळा आणि पाइपच्या तोंडाशी, मांस वर करून ठेवा. मग खोलीतून बाहेर जा. लांबून, दारामागून बघा. आधी तो दोन-तीन वेळा जवळून नुसता जातो. मग शिंपलीसमोर थांबतो, अंग तिरपं करतो, एका डोळ्याने मांस न्याहाळतो आणि तोंडाचं टोक झटकन आत घालून बाहेर काढतो. पुन्हा थांबतो. दुसऱ्यांदा टोचलं की समजा निम्मं काम झालं. त्याचं तोंड फटीतून ओढून खाण्यासाठीच घडलेलं आहे आणि फाकलेली शिंपली म्हणजे त्याला ओळखीची फट.

खाल्लं असो वा नसो, दीड-दोन तासांनी शिंपली काढून टाका. लहान टाकीत तिसरीचं मांस फार लवकर कुजतं. दिवसातून तीन-चार वेळा नवी ठेवा. पहिल्या दिवशी खाल्लं नाही तर घाबरू नका. चौथ्या दिवसापर्यंत एकदाही टोचलं नाही तर जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) द्या. त्याची अंडी घरीच उबतात, खाऱ्या पाण्यात हवा सोडून ठेवली की आपल्याकडच्या उबेत दीड दिवसाच्या आत पिल्लं निघतात. हलणारं खाणं बघून भूक जागी होते. मात्र आर्टेमियावर मासा पोसला जात नाही, ती फक्त सुरुवात.

तिसरी रोज खायला लागला की दुसरा टप्पा. नुसत्या तिसऱ्यांवर ठेवायचं नाही, कारण त्यांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि काही महिन्यांनी मासा खंगतो. रिकाम्या शिंपलीत तिसरीचं बारीक चिरलेलं मांस आणि फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव, गोठवलेले) एकत्र करून अंगठ्याने घट्ट दाबून बसवा. दर दोन दिवसांनी मायसिस वाढवा, तिसरी कमी करा. मायसिस मिळत नसेल तर ताजा जवळा किंवा बारीक चिरलेली कोलंबी चालते; जवळा मीठ न लावलेला, त्याच दिवशीचा हवा. सुका जवळा नको. शेवटी थोडा जवळा शिंपलीच्या बाहेर, पाण्यात सोडून बघा. तो तरंगणारा तुकडा कॉपरबँडने पाण्यातच टिपला की मोठ्या टाकीत जगण्याची त्याची तयारी झाली. याला दोन आठवडे लागतात, कधी पाच. घाई केली तर मासा परत उपाशी राहतो.

मासेमारी बंदीच्या काळासाठी मे महिन्यातच तिसऱ्या आणि जवळा छोट्या पुड्यांमध्ये फ्रीझरमध्ये भरून ठेवा.

एवढं खाणं छोट्या टाकीत जातं तेव्हा अमोनिया रोज मोजावा लागतो. जरा जरी दिसला तरी त्याच दिवशी एक चतुर्थांश पाणी बदला. बदलायचं पाणी त्याच क्षारतेचं आणि तापमानाचं, आदल्या दिवशी ढवळून ठेवलेलं असावं.

आजार ओळखणं

अंगावर मिठाचे कण पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो समुद्री इच, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन. ठिपके चार-पाच दिवसांत गळतात आणि आपल्याला वाटतं बरा झाला. प्रत्यक्षात परजीवी तळाशी जाऊन वाढत असतो आणि पुढच्या खेपेला कितीतरी पटींनी येतो. अंगावर बारीक धुळीसारखा थर, धापा टाकणं, उजेड टाळणं, पंपाच्या धारेत तोंड घालून उभं राहणं ही व्हेल्व्हेट या दुसऱ्या परजीवी रोगाची लक्षणं. त्यात दोन-तीन दिवसांत मासा जातो, तेव्हा थांबून बघू नका. डोळे धुरकट होणं, पाइपला अंग घासणं हे फ्लूकचं (कातडीला आणि कल्ल्यांना चिकटणारे चपटे किडे) लक्षण. बटरफ्लाय माशांवर फ्लूक नेहमी सापडतात. त्यावर प्रॅझिक्वांटेल हे औषध बाटलीवरच्या प्रमाणात देतात आणि कॉपरबँडला ते सोसतं.

तांब्याच्या औषधाबद्दल मात्र सावध राहा. इच आणि व्हेल्व्हेटवर ते चालतं, पण बटरफ्लाय मासे त्याला नाजूक असतात. तांबं मोजायचं किट नसेल तर बाटली उघडूच नका, आणि मोठ्या टाकीत तर ते कधीच नको. खडक तांबं शोषतात आणि कोळंबी, शिंपले, प्रवाळ सगळं मरतं. शंका असेल तर विचारायला आपल्याकडे जागा आहे. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे आणि तिथे मत्स्यालयही आहे. ठिपक्यांचा स्पष्ट फोटो आणि पाण्याचे आकडे घेऊन जा.

उकाडा आणि वीज

कोकणात हीटरपेक्षा पंखा जास्त लागतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात स्लॅबच्या घरात टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. मात्र बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून घटलेली पातळी आरओच्या साध्या पाण्याने रोज भरा. पावसाळ्यात दमट हवेत पंख्याचा परिणाम फारसा होत नाही. तेव्हा जास्तीचा एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा खडा) लावा.

विजेबद्दल कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. घरात सेलवर चालणारे दोन एअर पंप आणि जादा सेल ठेवाच. इन्व्हर्टर असेल तर त्यावर टाकीचा फक्त एअर पंप ठेवा, दिवे आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काढून टाका. काहीच नसेल तर जगने पाणी उचलून फूटभर उंचीवरून परत ओतत राहा, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं. वीज येईपर्यंत खाणं बंद. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास थांबला असेल तर तो उघडून, धुऊन मगच सुरू करा. आतलं सडकं पाणी टाकीत आलं तर सगळंच जातं.

मोठ्या टाकीत

तरंगणारं खाणं खाऊ लागला, निदान महिना झाला आणि अंगावर काही नाही, अशी खात्री झाल्यावर संध्याकाळी दिवे विझवून त्याला हलवा. आधी दोन-तीन दिवस भोकांच्या पारदर्शक डब्यात, टाकीच्या आतच ठेवा. बाकीचे मासे काचेवर येऊन धडका मारतात, मग कंटाळून सोडून देतात. टँगसारखा मासा किंवा दुसरा बटरफ्लाय त्याच्यावर धावून जात असेल तर डबा काढण्याची घाई नको. अंगावर येणाऱ्यालाच काही दिवस डब्यात ठेवलं तर जास्त फरक पडतो. इथेही पहिले काही दिवस त्याच्यासाठी शिंपली ठेवा, एका ठरलेल्या कोपऱ्यात.

पुढे कधी हा मासा सांभाळणं जमेनासं झालं तर दुकानाला किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला द्या. समुद्रात सोडू नका. कॉपरबँड आपल्या किनाऱ्यावरचा नाही. अटलांटिकमध्ये बाहेरून आलेल्या लायनफिशने तिथल्या खडकांवरच्या माशांचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आपल्याकडे मालवणचं १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य आहे, त्यातले खडक आणि मासे आपल्याला जपायचे आहेत.

क्वारंटाइनची टाकी रिकामी झाली की पाइप आणि स्पंजसकट गोड्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. स्पंज पुन्हा मोठ्या टाकीत ठेवायचा तर नवा घ्या, आणि तो आजच ठेवा. पुढच्या माशाला महिनाभर आधी तयार झालेला लागणार आहे.